रविवारचे एक पान

परगावी गेलेल्या मुलाची खुशाली कळावी म्हणून आपल्याकडील आया पूर्वी पोस्टमनची वाट पाहत असत. आता मुलगा सातासमुद्रापलीकडे असला तरी त्याचा चेहरा रोज फोनवर दिसतो. 'जेवलास काय?' 'जेवलो.' 'बरा आहेस न्हवं?' 'बरा आहे.' एवढ्यावर संभाषण संपते. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मनातले मात्र मनातच राहते.

आमच्या बेळगाव तालुक्यातील सरकारी मराठी शाळेत शिकलेला एक विद्यार्थी २०२४ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेला. निघण्यापूर्वी तो नमस्कारास आला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे एकच मागणे मागितले. दर रविवारी मराठीत एक पान लिहावे. ते घरी पाठवावे आणि एक प्रत आम्हांस द्यावी. पाहिलेले, खाल्लेले, खटकलेले, सारे त्यात यावे.

असे लेखन पहिल्याच वर्षी व्हावयास हवे. नवेपण ओसरले की डोळे सरावतात. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडला पोहोचल्यावर मराठीत लिहून पाठविलेला वृत्तांत त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पदवीचा उपयोग करण्याइतके आयुष्य लाभले नाही. पण पत्रे उरली, आणि काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून ती वाचकांपर्यंत पोहोचली.

आमच्या विद्यार्थ्याची पाने येऊ लागली. रविवारी तेथील दुकाने बंद असतात, हे त्याला शनिवारी रात्री उमगले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि घरापासूनचे साडेतीन तासांचे अंतर साडेचारांचे होते. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच काळोख पडतो. पाण्याची रिकामी बाटली परत केल्यास पंचवीस सेंट मिळतात, म्हणून काही वृद्ध माणसे कचऱ्याच्या डब्यांतून बाटल्या वेचतात. ते पाहून त्याला आपल्या बाजारात संध्याकाळी उरलीसुरली भाजी वेचणारी म्हातारी आठवली.

पुढे एका पानात त्याने लिहिले की, तो सुट्टीच्या दिवसांत रात्री एका गोदामात खोकी उचलतो. परदेशी विद्यार्थ्यास वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा तेथील कायद्याने दिली आहे. तेव्हा त्यात गैर काही नव्हते. पण फोनवर त्याने 'पैसे पुरतात' असेच सांगितले होते. ते पान घेऊन त्याची आई शाळेत आली. "गुरुजी, त्याला लिवायला तुमीच लावलासा. त्यापरास 'बरा हाय' म्हणत होता, तेच बरं होतं की ओ!"

आम्ही त्यांना बसविले आणि पानाचा उरलेला भाग वाचून दाखविला. गोदामात सिरियाहून आलेले एक प्रौढ गृहस्थ आहेत. ते घरून आणलेल्या चहातला अर्धा याला देतात, असे त्यात होते. आईने डोळे पुसले आणि विचारले, "त्यांची पोरंबाळं कुठं असत्यात?" त्या रात्री फोनवर तिने मुलास 'जेवलास काय' याआधी हेच विचारले.

वडिलांनी मात्र फोन केला नाही. त्यांनी पहिल्यांदाच मुलास पत्र लिहिले. लांबलेल्या पावसाने सोयाबीन कुजले, ही गोष्ट तेही तीन महिने लपवीत होते. 'पीक बरे आहे' आणि 'मी बरा आहे' अशी दोन खोटी वाक्ये दोन देशांतून रोज एकमेकांना भेटत होती. आता बापलेक कर्जाचा हप्ता कसा फेडावयाचा, याचा हिशेब पानोपानी एकत्र मांडतात.

ज्यांची मुले बाहेर शिकतात, अशा वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांकडून आठवड्यास एक पान अवश्य मागावे. शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत; ते काम आम्हां मास्तरांचे. आणि आपलेही एक पान पाठवावे. त्यात घरचे सारे खरे असावे.