डोळे चांगले, मग वेळ का लागतो?



चातुर्मास जवळ आला की आमच्या घरात एक वाद ठरलेला. आईंनी (माझ्या सासूबाई, वय 74) संध्याकाळच्या प्रतिक्रमणाला स्थानकात एकटीने जायचं की नाही? आमचे हे म्हणतात, नको. वाटेत धामणकर नाका, रिक्षा, टेम्पो, कापडाचे तागे भरून मध्येच वळणारे छोटे हत्ती. आई म्हणतात, पन्नास वर्षं याच रस्त्याने जातेय. दोघांचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही.

आईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्या वाचतात. तरी रस्ता ओलांडताना गाडी निघून गेली तरी क्षणभर थांबतात. नातेवाइकांच्या घोळक्याच्या फोटोत नातू शोधायला त्यांना वेळ लागतो. भरलेल्या फ्रिजसमोर उभ्या राहतात आणि समोरचीच वाटी दिसत नाही. एका पाहुणीने सरळ म्हणून टाकलं, "आता विसरायला लागल्या वाटतं." मला ते फार लागलं. ज्या बाईला अख्खं भक्तामर तोंडपाठ आहे, जिला चार पिढ्यांच्या सोयरिकी सांगता येतात, ती विसरते कुठे? तिला फक्त वेळ लागतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि घरात त्या वेगळ्या धरल्या नाहीत तर माणूस नाहक मोडीत निघतो.

मग मी याबद्दल वाचायला घेतलं. सगळ्यात आधी तो तक्ता. पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळी ठळक अक्षरं, चांगला उजेड, अक्षर जागचं हलत नाही आणि घाईही नाही. नाक्यावर यातलं काय असतं? तिथे करडा रस्ता, करडी धूळ, त्यातून करडा टेम्पो, आणि निर्णय दोन सेकंदांत. तक्ता डोळ्याची धार मोजतो, वेग मोजत नाही. म्हणून "डोळे चांगले आहेत" हे डॉक्टरांचं वाक्य खरंच असतं, पण अर्धं असतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होत जातं. विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो, तोही निरोगी डोळ्यात. मोतीबिंदू काढल्यावर नवं भिंग स्वच्छ असतं, पण बाहुली लहानच राहते. अंधारात पाहणाऱ्या पेशीही वयाबरोबर कमी होतात आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला जास्त वेळ लागतो. निळी साडी की काळी, यावर घरात होणारी भांडणं बरीचशी पिवळ्या भिंगाची असतात, बरं का!

पण डोळ्यामागे मेंदू आहे, आणि खरा वेळ तिथे जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी 1996 मध्ये मांडलं की वयानुसार दिसणाऱ्या बऱ्याच फरकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते, मेंदूचं काम करण्याचा वेग. मला ते पोळ्यांवरून समजलं. लाटणारी हळू असेल तर तवा रिकामा तापतो, ठरलेल्या वेळात पोळ्या कमी होतात. हे झालं एक. दुसरं असं की चौथी लाटून होईपर्यंत पहिलीचे काठ सुकतात. तसंच डोक्यात. डावीकडची रिक्षा पाहून उजवीकडचा टेम्पो ओळखेपर्यंत डावीकडचं चित्र शिळं झालेलं असतं. पोळी करायची कशी हे ती बाई विसरलेली नसते. शब्द, अर्थ, अनुभव, माणसांची पारख हे सगळं सत्तरीतही छान टिकतं, कित्येकदा वाढतं.

मागे आई धार्मिक परीक्षेला बसल्या होत्या. नऊ तत्त्वांवरचा प्रश्न येत होता, शेवटी राहिला, वेळ संपली. त्या घरी येऊन म्हणाल्या, "मला आता काही येत नाही." येत होतं. घड्याळाला ते दिसलं नाही, इतकंच.

आता स्थानकाचं बघा. प्रतिक्रमण सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतं, आत दिवे नाहीत. तासभर अंधारात बसून बाहेर पायरीवर आलं की समोरून गाड्यांचे हेडलाइट थेट डोळ्यांत. आपल्यालाही क्षणभर काही सुचत नाही, मग 74 वर्षांच्या डोळ्याला किती वेळ लागत असेल? या एका गोष्टीवर आमच्या घरचा वाद थोडा सैल झाला. जाण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न परतीचा होता. जाताना उजेड असतो. येताना आई आता बाहेर पडवीत पाच मिनिटं बसतात, नजर बसू देतात आणि मग शेजारच्या दोघींबरोबर निघतात. यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. पाऊस असला की हे स्वतः आणायला जातात, आणि आई रागावतात.

आपल्या धर्मात सावकाश पाहण्याला कमीपणा नाही, हे मला या निमित्ताने नव्याने जाणवलं. घाईने केलेलं पडिलेहण हा दोष मानला आहे. ईर्यासमितीत चालताना पुढची चार हात जमीन पाहत पाऊल टाकायचं. ती सांगितली आहे जीवदयेसाठी, गुडघे सांभाळायला नाही. पण सॉल्टहाउस यांचाच 1984 चा एक अभ्यास वाचताना मला तीच आठवली. त्यांनी 19 ते 72 वर्षांच्या टायपिस्टांना तपासलं. वयस्कांची बोटं साध्या चाचणीत हळू होती, तरी टायपिंग तरुणांइतकंच वेगात. कारण त्या पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होत्या. हळू माणूस लांबवर पाहून वेळ भरून काढतो!

आमचे बाबूजी याचा जिवंत दाखला. वय 79, लूमचा कारखाना मुलांच्या हाती दिला, पण ग्रे कापडाचा तागा उलगडला की तुटलेला धागा त्यांनाच आधी दिसतो. नवीन मुलगा सगळीकडे बघतो, बाबूजी जिथे दोष असतो तिथे बघतात. तेच बाबूजी मोबाईलवर ओटीपी येऊन गेला तरी शोधत बसतात. लूमने पन्नास वर्षं शिकवलं, मोबाईलने नाही.

सरावाने वेग वाढतो का? थोडा वाढतो. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 2,832 जणांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला संगणकावर मधलं चित्र ओळखता ओळखता कडेचंही पाहण्याचा दहा बैठकांचा सराव दिला. त्या कामातला त्यांचा वेग सुधारला आणि दहा वर्षांनीही त्याचा काही फायदा दिसत होता. मात्र सुधारलं ते मुख्यतः सरावाचं कामच. म्हणून कुणी एखादं महागडं अ‍ॅप "स्मरणशक्तीसाठी" विकायला आलं तर पाकीट लगेच उघडू नका.

एक मात्र सांगते. हे सगळं हळूहळू येणाऱ्या मंदपणाबद्दल आहे. अचानक फरक पडला, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झालं, कडेचं दिसेना, माणूस दाराच्या चौकटीला धडकू लागला, तर "वय झालं" म्हणून घरात बसू नका. काचबिंदू कडेची नजर गुपचूप खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. आपल्या शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरताही खूप आढळते, तिचा परिणाम नसांवर आणि डोक्यावर होतो. रक्ताची साधी तपासणी आहे, करून घ्या.

घरात आम्ही जे केलं ते अगदी साधं. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी लावली. फ्रिजमधली गर्दी कमी केली, वाट्या एकामागे एक ठेवत नाही. आईंच्या औषधांची पांढरी गोळी आता पांढऱ्या बशीत नाही, गडद निळ्या बशीत देते. आणि धान्य. निवडणं हे आईंचं काम, ते त्या कुणाला देत नाहीत, कारण दाण्यात जीव राहून गेला तर, ही त्यांची खरी भीती. मध्यंतरी स्वतःच म्हणाल्या होत्या, "आता तूच निवड, माझ्या नजरेचा भरवसा नाही." ते वाक्य ऐकून मला रस्त्यापेक्षा जास्त काळजी वाटली. चकचकीत स्टीलच्या ताटात मूग आणि खडा दोन्ही चमकतात. आता सकाळी दहाला, खिडकीपाशी, उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं बसतात, पांढऱ्या सुती कापडावर एकावेळी मूठभरच मूग पसरतात. पूर्वी दोन किलो एका बैठकीत व्हायचे, आता तीन दिवस लागतात. काल माझ्या निवडलेल्या तुरीतून त्यांनी दोन किडे काढून दाखवले, हळूच पुंजणीने कागदावर घेतले आणि गॅलरीतल्या कुंडीजवळ सोडून आल्या.