येमेनचा पाहुणा

माणसाला नावे ठेवायची झाली की आपल्याला सरडा आठवतो. पुढाऱ्याने पक्ष बदलला, सरडा. सोयऱ्याने शब्द फिरवला, सरडा. आमच्या वस्तीत तर या प्राण्याचे नशीब आणखीच खोटे. हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्यासाठी पेटवलेल्या आगीवर पालीने फुंकर घातली, अशी रिवायत आहे. ती पालीची, पण आमच्या कोकणातल्या गावात पोरे दगड उचलताना पाल कोण नि सरडा कोण याची चौकशी करीत नसत.

अशा घराण्यातले आम्ही, शारजात नोकरीला असताना पाच वर्षे एक शॅमेलिऑन सांभाळून होतो. २०१४ साली धाकट्याने हट्टच धरला. पिंजऱ्यातच जन्मलेले, बोटाएवढे पिल्लू दुकानातून आले. जात येमेनची. मोठा झाल्यावर डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा आला, म्हणून नाव पडले सुलतान.

रंगाचा गैरसमज आधी दूर करायला हवा. समोरच्या पानाशी मिळावे म्हणून तो रंग बदलत नाही. ऊन, थंडी, भीती, राग, सगळे त्याच्या कातडीवर उमटते. कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातले अंतर बदलले की रंग बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीवर दाखवून दिले. म्हणजे बिचारा लपवत काहीच नाही. आमचा सुलतान काळपट झाला की आम्ही समजत असू, काहीतरी बिनसले आहे.

त्याला वाटीतले पाणी कळत नाही. पानावर थेंब हलला, चमकला, तरच जीभ बाहेर येते. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा आणि दिवसा पिंजऱ्यावरून थेंब-थेंब गळत ठेवायचे. डोळे खोल गेले किंवा विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. शारजात आमचे खरे भांडण होते एसीशी. एसीने हवा कोरडी होते आणि थंड झोत अंगावर आला की छाती धरते. तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागला, तर घरगुती इलाज नकोत, सरळ डॉक्टर. पिंजरा काचेचा नसावा, जाळीचा असावा. हवा खेळती राहिली पाहिजे.

उजेडाची गोष्ट अधिक नाजूक. एका दिव्याखाली तीस-बत्तीस अंशांची ऊब हवी, शिवाय अतिनील किरण देणारी वेगळी नळी. हे किरण नसतील तर नाकतोड्यांवर कितीही कॅल्शियमची पूड भुरभुरा, ते हाडांत जात नाही. पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. गंमत अशी की नळी पेटत राहते, उजेडही देते, पण आतले किरण काही महिन्यांत संपत आलेले असतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. धाकटा नळीवरच तारीख लिहून ठेवी आणि सहा महिन्यांनी, चालू असली तरी, ती बदलायला लावी. त्यावरून घरात पैशांची कुरकुर व्हायची, पण त्याचेच खरे होते.

सगळ्यात कठीण म्हणजे हात न लावणे. मांजर अंगाशी येते, पोपट बोलतो. हा एकटा जीव. दुसरा शॅमेलिऑन तर सोडाच, आरशातली स्वतःची छबीही त्याला सोसत नाही. लाडाने उचलला तरी तो घाबरतो. दहा वर्षांच्या मुलाला हे कसे समजवायचे? सुट्टीत दादी आली होती. मांजरीला बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस तिने त्याला सांगितली आणि म्हणाली, "बेटा, कोंडलंस ना त्याला? मग त्याचं सगळं तुझ्या जिम्म्यावर." त्यानंतर धाकटा तासन्तास जाळीपासून दोन हातांवर बसे आणि नुसता पाही.

शेजारी येमेनच्या इब्बचे एक कुटुंब होते. त्यांच्याकडून कळले की इब्बच्या डोंगरांत मोसमी पाऊस पडतो, सगळे हिरवेगार होते. आम्ही कोकणातले, आम्हाला तर हसूच आले. तीन घरांचे पाऊस सोडून आलेले जीव, आणि सुलतानचा पाऊस आमच्या फवाऱ्याच्या बाटलीत.

२०१९ साली नोकरी संपली. सुलतानला आणणे शक्य नव्हते. आंतरराष्ट्रीय करारामुळे ही जात परवान्याशिवाय सरहद्द ओलांडू शकत नाही. आपल्याकडचा शॅमेलिऑनही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळणे गुन्हाच. पिंजरा शेजाऱ्यांकडे गेला. धाकट्याने पाण्याच्या वेळा, पुडीचे दिवस आणि नळीची तारीख अरबीत लिहवून घेऊन जाळीला बांधली.

पुढे दर सहा महिन्यांनी तो इकडून फोन करून विचारी, नळी बदलली का? २०२१ मध्ये, तारीख यायच्या आधीच, फोन तिकडून आला.