बिनशिक्क्याचे पत्र

टपालखात्यात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाने पत्रानेच फसावे, यासारखी नामुष्की नाही. ती माझ्या वाट्याला आली. लपवून ठेवण्यापेक्षा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवलेली बरी, म्हणून आज सांगायला बसलो आहे.

कळवण तालुक्यात मी पोस्टमन म्हणून फिरत होतो, तेव्हा व्ही. पी.चा मोठा जोर. 'घरबसल्या पैसे मिळवा' अशी जाहिरात वाचून कोणी कार्ड टाकी नि पंधरवड्याने पार्सल येई. व्ही. पी.चा नियम असा, की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल फोडायचे. आत एखादे चोपडे आणि रद्दी! असे पार्सल आले, की मी ओट्यावर टेकून म्हणायचो, "बाबा रे, काम देणारा मजुरी देतो, मागत नाही. परत पाठवू का?" निम्मे लोक ऐकत. उरलेले माझ्याकडेच संशयाने पाहत.

गेल्या वर्षी, सप्तशृंगीच्या गडावर चैत्राची यात्रा भरली होती त्या दिवसांत, सूनबाईच्या फोनवर एक ई-मेल आला. मुलगा नाशकात सातपूरच्या कारखान्यात. घरी दोन नातवंडे आणि चाळीत भावाची वाट पाहणारा कांदा. पत्रात काम होते टायपिंगचे. पाचशे पाने, सहा दिवस, वीस हजार रुपये. नोंदणीचे अडीच हजार आधी भरायचे, ते पुढे परत मिळणार. इंग्रजी मोठे गुळगुळीत, स्टॅम्पपेपरचे चित्र, त्यावर गोल मोहोर.

"नाना, भरू का?" तिने विचारले.

मी चष्मा लावून सारे वाचले आणि पेन्शनमधून पैसे काढून दिले. "भर," म्हणालो. गावाला शहाणपण शिकवणारा मी, त्या मोहोरेला भुललो!

पोरीने सहा रात्री जागून काढल्या. लोभी माणूस फसतो असे आपण म्हणतो. मला तर कष्टाळू माणूस फसताना दिसला. सातव्या दिवशी उत्तर आले, की चुका फार झाल्या, करार मोडला, भरपाई द्या. मग एका 'वकिला'चा फोन. मग 'कोर्टाची नोटीस', तीही ई-मेलनेच.

हे तिने दहा दिवस कोणाला सांगितले नाही. एका सकाळी चहा देताना माझे लक्ष गेले. तिच्या कानांतली फुले दिसेनात. विचारले तेव्हा ती मटकन खाली बसली. फुले सोनाराकडे गहाण पडली होती आणि तीन हजार त्या वकिलाला पोचले होते.

"नाना, पोलीस दारात येतील का हो? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात त्याचाच फोन आला. मी घेतला. म्हटले, "वकीलसाहेब, कोर्ट कोणते, खटल्याचा नंबर काय, ते सांगा. आणि समन्स पाठवाच. जन्मभर लोकांना रजिस्टर पत्रे पोचवली. एखादे आपल्या घरचे सही करून घेईन. पण दाव्याचे पैसे कोर्ट असे फोनवरून कोणाच्या खाजगी खात्यात मागत नाही." पलीकडून शिवी आली आणि फोन बंद झाला. तो पुन्हा वाजला नाही.

मग आम्ही १९३० या सरकारी नंबरावर तक्रार दिली, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवली. तक्रार लगेच गेली तर पैसे वाटेतल्या एखाद्या खात्यात अडवता येतात. आमचे मात्र दहा दिवस भीतीत गेले होते. पैसे गेले ते गेलेच. पण माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा तोतयाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे हे कळले, तेव्हा ती पहिल्यांदा ताठ बसली. गुन्हेगार ती नव्हती, तो होता! या चोरांचे खरे भांडवल आपली गरज नव्हे, आपली लाज.

माझी चूक मला मागून उमगली. पत्र हाती आले, की आम्ही आधी टपालाचा शिक्का पाहत असू. पाठवणाऱ्याने वर काहीही लिहावे, पत्र कुठून सुटले ते शिक्का सांगे. ई-मेलचाही असा शिक्का असतो. पत्त्यातल्या त्या शेपटीवाल्या 'ॲट'पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. आमच्या पत्रात वर नाव मोठ्या कंपनीचे, खाली पत्ता कोणीही फुकट उघडावा असा. पत्ता जुळला, तरी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून विचारावे; पत्रातला नव्हे. आणि अनोळखी माणसाला आधारची प्रत तर देऊच नये. आम्ही तीही दिली होती.

कानांतली फुले गणपतीत सोडवून आणली. परवा दसऱ्याला सोने वाटून घरी आलो, तर सूनबाई फोन घेऊन दारातच उभी. पुन्हा तसलेच पत्र, 'घरबसल्या' काम. तिने 'ॲट'पुढचा पत्ता मला वाचून दाखवला आणि हसून म्हणाली,

"नाना, परत पाठवू का?"