सुरकुत्यांचा हिशेब

टेरिलीनचा शर्ट बाजारात आला तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीला मोक्ष मिळाल्यासारखे झाले. धुवा, झटका, वाळत घाला, अंगात घाला. परिटाची वाट बघणे नाही, खळ नाही, कोळशाची इस्त्री नाही. मला मात्र गेवराईच्या उन्हाने पुन्हा सुती कपड्यांवर आणून सोडले. मे महिन्यात कॅशच्या पिंजऱ्यात टेरिकॉट घालून बसून बघा, म्हणजे कळेल. सुती शर्ट बिचारा घाम पितो, वारा आत घेतो, पण त्याची वसुली म्हणून अकरा वाजेपर्यंत असा काही चुरगळतो की गिऱ्हाइकाला वाटावे, हा माणूस रात्री तिजोरीतच झोपला होता.

सुती चुरगळते आणि टेरिलीन का चुरगळत नाही, हा प्रश्न मी बी.कॉम. असल्यामुळे मला पंचेचाळीस वर्षे पडला नाही. तो पाडला पासबुक भरायला आलेल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी. प्रिंटर नेहमीप्रमाणे आजारी रजेवर होता, सरांना वेळ होता आणि समोर माझा शर्ट होता.

"कॅशियरसाहेब, ही सगळी हायड्रोजन बंधांची करामत!" ते म्हणाले.

मला 'बंध' म्हटले की फक्त बॉण्ड आठवतात, तेही मुदतठेवीपेक्षा जरा बरे व्याज देणारे. पण सरांनी चिकाटी सोडली नाही. शेवटी मी ते सगळे बँकेच्या भाषेत उतरवून घेतले, ते असे. रेणूच्या आत अणूंना बांधणारे जे पक्के बंध, ते रजिस्टर केलेले गहाणखत. सहजी सुटत नाही. हायड्रोजन बंध म्हणजे हातउसने. ऑक्सिजन हा मोठा लोभी गडी. आपल्याला बांधलेल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे ओढून घेतो. उघडा पडलेला हायड्रोजन मग शेजारच्या दुसऱ्या ऑक्सिजनकडे आशेने बघू लागतो. ह्या आशेची ताकद पक्क्या बंधाच्या साधारण विसावा हिस्सा. पण अख्ख्या गल्लीत सगळ्यांची सगळ्यांशी उसनवारी असली की गल्ली सोडून कोणी जात नाही, तसे हे.

कापूस म्हणजे बहुतेक सगळा सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. एकाच साखळीतल्या लगतच्या कड्या आपसात हात धरतात, म्हणून साखळी ताठ राहते. ही घरातल्या घरातली उसनवारी. शिवाय साखळी शेजारच्या साखळीचाही हात धरते, म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही. नाहीतर पहिल्याच पावसात माणसाची अब्रू गटारातून वाहत गेली असती.

मग शिरते पाणी. त्याच्याकडेही हायड्रोजन आणि ऑक्सिजनच. ते आडत्यासारखे मध्ये घुसते आणि दोन साखळ्यांचे हात सोडवून आपल्या हातात घेते. साखळ्या जागच्या सरकतात. घाम वाळला की पाणी निघून जाते, आणि साखळ्या जिथे सरकल्या तिथेच नवे हात धरतात. तीच सुरकुती. ती मोडायची तर पुन्हा पाणी शिंपडायचे, तापलेल्या इस्त्रीने सगळ्यांना रांगेत उभे करायचे आणि त्याच रांगेत वाळवायचे. टेरिलीनच्या साखळीला असे हातच नाहीत म्हटले तरी चालेल. हवेतला ओलावा ते अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुरकुती नाही, आणि म्हणूनच घामही पीत नाही.

खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्चही ग्लुकोजच. हे ऐकून मी उडालोच. म्हणजे अंगातला शर्ट आणि डब्यातली ज्वारीची भाकरी एकाच ग्लुकोजची! फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा वेगळी. त्यामुळे स्टार्चची साखळी सरळ न राहता वेटोळी होते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आधणाचे पाणी घालून तिच्या स्टार्चचे जुने हात सोडवावे लागतात. मग पीठ धरते. भाकरी गार झाली की त्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि दुपारी डब्यातून कौल निघते. घरी गेल्यावर ही सगळी हकिगत मी सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "पाण्याचा हात लावून तव्यावर टाकली की मऊ होते, हे सांगायला प्राध्यापक कशाला लागतो?"

आमच्या भागात ह्या बंधांचा खरा चटका बसतो तो मात्र दिवाळीनंतर. कापसाला पाण्याची ओढ असल्याने वरून कोरडा दिसला तरी त्याच्या पोटात थोडे पाणी असतेच. सुताच्या धंद्यात तर कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा रीतसर धरतात. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. रात्री दहिवर पडले की कापूस ते मुकाट्याने पिऊन घेतो. शेतकरी तो गच्चीवर, अंगणात, ओसरीवर पसरून वाळवत बसतो. घरात माणसांना निजायला जागा राहत नाही. आणि खासगी व्यापाऱ्याकडे गेले तर त्याची मूठ हेच यंत्र. कापूस दाबायचा, आभाळाकडे बघायचे आणि आकडा सांगायचा. मूठ कधी आठच्या खाली उतरल्याचे मी ऐकलेले नाही.

असाच एक खातेदार काउंटरवर आला. कापसाचे पैसे खात्यावर जमा झालेले, ओलाव्याची कपात होऊन. वेचणीची मजुरी द्यायची म्हणून काढायला आला होता. नोटा मोजताना मी त्याला सहज सांगितले की रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो. खिशात राहून धुतली गेली तरी नोट वर्तमानपत्रासारखी लगदा होत नाही ती त्यामुळेच. लांब धागे, आणि पाणी सहज शिरू नये म्हणून कागदावर केलेली प्रक्रिया.

"म्हंजी कापूस देऊन कापूसच घेऊन चाललो म्हणा की," तो म्हणाला.

"तसंच."

त्याने बंडल हातात घेतले, मूठ दाबली, छताकडे पाहिले आणि म्हणाला, "सायेब, दहा टक्के ओलावा हाय. वरून दोन नोटा टाका."