उपग्रहांचें बोट धरून

सेवानिवृत्त शिक्षकास लोक नेहमीं दोन उपदेश करतात. पहिला, आतां विश्रांति घ्या. दुसरा, आतां नामस्मरण करा. दोन्ही हितकरच आहेत. परंतु ज्यानें पस्तीस वर्षें मुलांना 'शिका' म्हणून सांगितलें, त्यानें साठी उलटतांच स्वतः शिकणें थांबवावें, हें आम्हांस रुचत नाहीं. म्हणून गेल्या उन्हाळ्यांत पुण्याहून आलेल्या आमच्या नातीनें मुठींत मावणारें जी. पी. एस. यंत्र आमच्या हातीं ठेवलें, तेव्हां आम्हीं तें आनंदानें घेतलें. त्या अभ्यासाविषयीं, व त्यांतून आमच्या घरांत निघालेल्या एका कार्याविषयीं, वाचकांस चार शब्द सांगावेसे वाटतात.

"अहो, फोन असतांना हें आणखी कशाला?" ही पहिली शंका घरांतूनच निघाली. शंका रास्त होती. फोनांतहि हीच सोय असते. मात्र नकाशा आधीं उतरवून घेतलेला नसेल, तर बालाघाटाच्या खोऱ्यांत रेंज जातांच फोनचा पडदा कोरा पडतो. शिरूरचें वैशाखांतलें ऊन तर सर्वांस ठाऊकच आहे. हें यंत्र दोन पेन्सिल सेलांवर चालतें, व त्याचा पडदा भर उन्हांतहि वाचतां येतो.

ज्या खेळासाठीं नातीनें तें आणलें, त्याचें नांव जिओकॅशिंग. आम्ही त्यास भूनिधिशोध म्हणतों. एकानें लहानशी पेटी कोठें तरी दडवावी व त्या स्थळाचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करावे. दुसऱ्यानें यंत्राच्या साहाय्यानें ती शोधावी, आंतील वहींत आपलें नांव व तारीख लिहावी, आणि पेटी होती तशी ठेवावी. पेटींतील वस्तु घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, हा शिष्टाचार. या खेळाचा जन्म अमेरिकेंतला. उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकन सरकार पूर्वीं मुद्दाम दोष मिसळीत असे, त्यामुळें सामान्य माणसाचें यंत्र शंभर मीटरांपर्यंत चुके. २ मे २००० रोजीं तो दोष काढून टाकण्यांत आला, आणि ३ मे रोजींच डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें ओरेगॉन प्रांतांत एक बादली दडवून हा खेळ सुरू केला.

यंत्राचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ सतत घोषित करीत असतात. ती घोषणा आपल्यापर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. या विलंबास प्रकाशाच्या वेगानें गुणलें, कीं अंतर निघतें. तीन उपग्रहांवरून स्थान व चौथ्यावरून आपल्या घड्याळाची दुरुस्ती, म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. काळांत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तर स्थळांत तीनशें मीटरांची होते. आपल्या देशानेंहि नाविक ही स्वतःची योजना उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं आकाशांत गेला.

संस्कृत पढलेल्या माणसास या यंत्राची भाषा परकी वाटत नाहीं. अंश, कला, विकला हेंच तिचें व्याकरण. एक गोष्ट मात्र नवशिक्यानें घोकून ठेवावी. या खेळांत कलेचे भाग दशमानानें लिहितात. '२७.५००' म्हणजे सत्तावीस कला व तीस विकला. पन्नास विकला नव्हे. आमच्या अक्षांशावर रेखांशाची एक विकला सुमारें एकोणतीस मीटरांची भरते. म्हणजे वीस विकलांच्या गोंधळानें माणूस अर्ध्या किलोमीटराहून अधिक अंतरावर, भलत्याच शेतांत, पेटी धुंडाळीत बसेल.

याच अभ्यासांत एक मौज हातीं लागली. आपल्या ज्योतिषग्रंथांनीं लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांतून जाणारी मध्यरेखा मानली आणि देशांतर तिच्यापासून मोजलें. आमचें जिल्ह्याचें ठिकाण बीड हें उज्जयिनीच्या बहुतेक थेट दक्षिणेस, सुमारें पावणेशहात्तर अंशांच्या त्याच रेखांशावर आहे. आणि शिरूर तिच्या किंचित् पश्चिमेस. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं सिद्धान्तशिरोमणि रचला, तेव्हांच्या हिशेबानें आम्ही जगाच्या जवळजवळ मध्यावरच राहतों! पुढें १८०२ सालीं विल्यम लॅम्बटननें मद्रासेस देशाची महामोजणी आरंभिली. त्याचें कोनमापक यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें, आणि तें काम करतां करतांच तो १८२३ सालीं आपल्या हिंगणघाटास वारला. त्याला ज्या मापासाठीं महिने घालवावे लागत, तें आज सदऱ्याच्या खिशांत मावतें.

अभ्यासासाठीं आम्हीं सिंदफणेचें पात्र निवडलें. मोकळ्या आकाशाखालीं यंत्र उघडून पांच मिनिटें स्वस्थ उभें राहावें, हा पहिला पाठ. दुसरा पाठ नातीनें दिला. "आजोबा, उभे राहूं नका, चाला. चालल्याशिवाय बाण खरी दिशा दाखवीत नाहीं." आमच्या यंत्रांत स्वतंत्र होकायंत्र नसल्यानें तें आपल्या पावलांवरूनच दिशा ठरवितें. तिसरा पाठ असा, कीं दाट झाडी व उंच भिंती यांजवळ संकेत परावर्तित होऊन आंकडा डळमळतो. शेवटच्या आठ-दहा पावलांत यंत्र खिशांत घालावें व डोळे वापरावे.

आपल्याकडे हा खेळ खेळणारांनीं कांहीं पथ्यें पाळावींत. पेटी पारदर्शक असावी व तिच्यावर आंत काय आहे तें स्वच्छ मराठींत लिहावें, कारण बेवारस डबा दिसला कीं लोक घाबरतात आणि तें योग्यच आहे. देवस्थान, किल्ला, सरकारी कचेरी यांच्या आसपास ती ठेवूं नये. शेतमालकास विचारल्याविना तर नाहींच. दगडांच्या फटींत काठीनें चाचपल्याशिवाय हात घालूं नये. आणखी एक: केवळ संकेत ग्रहण करणारें यंत्र निराळें, व उपग्रहामार्फत संदेश धाडणारें निराळें. या दुसऱ्या प्रकारचीं यंत्रें परवान्याविना बाळगल्यास आपल्या देशांत कायद्याच्या कचाट्यांत सांपडण्याची वेळ येते.

आतां त्या कार्याविषयीं. १९७२ सालच्या दुष्काळांत आम्ही बारा वर्षांचे होतों. गांवाबाहेरच्या एका शेतांत जुना आड होता, आणि त्याचें पाणी आटलें नव्हतें. आमच्या मातोश्री व आमच्याहून आठ वर्षांनीं वडील अशी ताई पहांटे तेथें जात. त्या शेतकऱ्यानें कोणाची जात विचारली नाहीं. घरटीं दोन घागरी, एवढाच त्याचा नियम. "त्या पाण्याचें ऋण फिटायचें नाहीं," असें मातोश्री अखेरपर्यंत म्हणत. आडाची खूण एक थोरला कडुनिंब. रस्ता रुंद झाला तेव्हां तो गेला, आड बाभळींनीं झांकला, आणि जागा नेमकी जाणणारें माणूस एक ताईच उरलें. तिचे गुडघे दरवर्षीं अधिक थकत होते.

दसरा झाल्यावर आम्हीं तिला जीपनें शेताच्या बांधापर्यंत नेलें. तेथून ती मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत, चालली. बाभळी बाजूस सारतांच काठाचा दगड दिसला. दोराच्या घासण्यानें त्यावर पडलेल्या खांचांवरून तिनें बोट फिरविलें आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. आम्हीं यंत्र त्या दगडावर ठेवून दहा मिनिटांची सरासरी घेतली, आणि तासाभरानें पुन्हां घेतली. दोन्ही आंकड्यांत तीन-चार मीटरांहून अधिक अंतर पडलें नाहीं.

त्या शेतकऱ्याच्या नातवाची संमति घेऊन, पडक्या काठापासून दूर, बांधाच्या कोनाड्यांत आम्हीं एक पेटी ठेवली. तींत वही, आणि वहीच्या पहिल्या पानावर ताईनें सांगितलेली हकीकत. तींत असें होतें, कीं दोन घागरींपैकीं एकच आमची. दुसरी शेजारच्या अंथरुणास खिळलेल्या बाईची. ती वाचून त्या तरुणानें सर्वांच्या आधीं सही केली. "आमच्या आज्याचं हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई," एवढेंच तो म्हणाला. दुसरे दिवशीं त्यानें आडाच्या तोंडाभोंवतीं कांट्यांचें कुंपण घातलें, म्हणजे पोरेंबाळें पडूं नयेत.

दिवाळींत नात आली, तेव्हां तिला आम्हीं फक्त आंकडे दिले. सोबतीला त्या तरुणाची बहीण होती, पण जागा तिनेंहि सांगितली नाहीं. दिवेलागणीस नात परतली ती थेट ताईपाशीं जाऊन बसली व विचारूं लागली, "ताईआजी, त्या शेजारच्या बाईंचें नांव काय होतें? पुढें त्या बऱ्या झाल्या का?" पन्नास वर्षांत हा प्रश्न ताईस कोणीं विचारला नव्हता. जेवणाची पानें वाढून झालीं तरी दोघींचें बोलणें संपेना.

प्रत्येक घरांत असें एखादें स्थळ असतें, आणि त्याचें कारण जाणणारें एखादें वृद्ध माणूसहि असतें. येत्या सुट्टींत वाचकांनीं त्या माणसास, त्याचे पाय चालतात तोंवर, तेथें घेऊन जावें. स्थळाचे अंश व कला टिपाव्यात, आणि त्याखालीं तें काय सांगतें तें त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावें. वेगळें यंत्र नसल्यास फोनहि चालेल; वही मात्र कागदाची असावी.