बाणाचा ण

लॉकडाऊनमध्ये आमच्या बेळगावच्या घरात आई केक करायला शिकली, दादा केस कापायला शिकला आणि मी कोरियन टाइप करायला. मालिकांचं वेड आधीपासून होतंच. त्यातली मंडळी एकमेकांना मेसेज करताना पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटायचे, ते मला माझ्या हाताने उमटवायचे होते.

लॅपटॉपमध्ये कोरियन कीबोर्ड चालू केला आणि कळांवर कागदाचे बारके तुकडे चिकटवले. व्यंजनं डाव्या हाताला, स्वर जवळजवळ सगळे उजव्या हाताला. जी, के, एस अशा तीन कळा दाबल्या की 'हान' हा एकच ठोकळा तयार होतो. आता पुन्हा के दाबा. ठोकळ्यातला न टुणकन उडी मारून नव्या स्वराजवळ जाऊन बसतो आणि होतं 'हाना'. हाना म्हणजे एक. ती उडी बघण्यासाठी मी पानभर हाना टाइप केलंय, खोटं नाही सांगत.

राजा सेजोंगने १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, कारण तोवर वापरात असलेली चिनी अक्षरं सामान्य माणसाला झेपत नव्हती. हे मला इतकं आवडलं की निपाणीच्या आज्जीला लगेच मेसेज केला. नेहमीसारखा, इंग्रजी अक्षरांत मराठी.

आज्जी मराठी शाळेत चौथी शिकलेली. निपाणी तंबाखूचं गाव, तरुणपणी तीही विड्या वळायची. पेपर मात्र रोज वाचते, अगदी जाहिरातींसकट. माझ्या मेसेजला तिच्याकडून फुलांचं चित्र यायचं. म्हणजे वाचला, असं मी धरून चालले होते.

पुढच्या वर्षी माझा गणिताचा पेपर राहिला. घरी सांगायचा धीर होईना, म्हणून आज्जीला लिहिलं आणि खाली, 'कुणाला सांगू नकोस'. गणपतीला आम्ही निपाणीला गेलो, तर दारातच शेजारचा सातवीतला पोरगा आई-बाबांच्या देखत म्हणाला, "ताई, मॅथ्स सुटला काय?"

त्यानंतर घरात काय झालं ते सोडून देऊ. रात्री आज्जी माझ्याजवळ येऊन बसली. "काय करू बाळ? तू इंग्रजीत धाडतीस. त्याच्याकडनं वाचून घेते. तो खेळायला गेला की मग वाट बघत बसायचं."

दोन वर्षांचे माझे सगळे मेसेज त्या पोराने वाचले होते.

बेळगावला परतल्यावर कोरियन तुकडे खरवडले. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोय होती, पण कोरियनच्या कळा पाठ केल्या तर मराठीच्या का नाही, असा हट्ट धरला. लॅपटॉपमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासूनच होता. १९९१ च्या भारतीय मानकातली ही मांडणी. इथे कोरियनच्या बरोबर उलट: स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. इथेही एक उडी आहेच. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी दाबायची, आणि वेलांटी आपली उडी मारून क च्या अलीकडे जाऊन उभी राहते. जोडाक्षराला डी कळेवर हलन्त. 'आज्जी' लिहायला शिफ्ट-ई, पी, डी, पी, आर. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा हानापेक्षा जास्त आनंद झाला.

एक गोष्ट कीबोर्ड बदलताना चुकून कळली. मी 'कमल' म्हणून के, सी, एन दाबलं आणि समोर कन्नड अक्षरं आली, तीही बरोबर! कन्नडच्या इनस्क्रिप्टलाही त्याच जागा. ऱ्हस्व ए-ओ तेवढे जास्तीचे. मराठी 'कमळ' हवं असेल तर एन दाबताना शिफ्ट धरायची, एवढाच फरक. शाळेत कन्नड शिकले होते, त्यामुळे समोरच्या काकूंच्या वास्तुशांतीचं आमंत्रण दोन्ही भाषांत मीच टाइप करून दिलं. (आमच्याकडे सरकारी कामाला 'नुडी' चालतं, त्याची नेहमीची मांडणी वेगळी. तिच्या वाटेला मी अजून गेले नाही.)

गणिताचा निकाल लागला त्या दिवशी घरी कुणाला सांगायच्या आधी लॅपटॉप उघडला. 'आज्जी, मॅथ्स सुटला. सकाळपासून तोंडचं पानी पळालं होतं.' ण आहे म च्या डोक्यावर, शिफ्ट धरून सी. घाईत तो सापडेना, म्हणून न दाबून मोकळी झाले.

दोन मिनिटांत फोन.

"वाचलं गं मी. माझं मी वाचलं." मग थोडा वेळ काहीच नाही, नुसतं नाक ओढल्याचा आवाज. आणि मग, "पण पानीला बाणाचा ण अस्तोय की. न कशाला घातलीस?"

बोलताना ती स्वतः आजही पानीच म्हणते.