काकांचे लाल बटण

सोलापूरच्या एका कापड-व्यापारी घराण्यातील तो तरुण गेली काही वर्षे जुने संगणक जमवीत आहे. पेढीच्या माळ्यावर जुन्या चोपड्यांच्या बासनाखाली त्याला दिवंगत काकांचा झेडएक्स स्पेक्ट्रम सापडला, तेव्हा आनंदाबरोबर थोडी निराशाही वाट्यास आली. यंत्र मूळ रूपात उरले नव्हते. काळ्या कवचाला छिद्र पाडून लाल बटण बसविलेले, मागील बाजूने एक तार बाहेर काढलेली आणि आत हाताने दिलेले डाख.

हा संगणक सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली इंग्लंडमध्ये आणला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, तर ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. काकांनी नातेवाइकांकरवी स्वस्तातला मागविला आणि पुढे आठ स्मृतिचिप्स व चार साहाय्यक चिप्स बसवून त्याचा ४८ चा केला. त्याला चालू-बंद करण्याचे बटणही नव्हते. आज्ञावली अडकली की वीजजोडणीच उपसावी लागे. म्हणून ते लाल बटण. यंत्राचा चित्रसंकेत इंग्लंडमधील टीव्हीच्या यूएचएफ वाहिनीसाठी होता. इकडचे बहुतेक संच दूरदर्शनच्या व्हीएचएफ वाहिन्यांपुरतेच. म्हणून ती तार, थेट मॉनिटरला जोडण्यासाठी.

संग्राहकांच्या जगात मूळ रूपाला मान असतो, मोलही असते. नवे कवच आज विकत मिळते. त्याने ते मागविलेही. जुने कवच टाकून द्यावे, तार काढावी, वाढीव चिप्स उतरवाव्यात आणि यंत्र दुकानातून आल्यासारखे दिसावे, असा त्याचा बेत होता.

"काकू, हे भोक आता राहणार नाही. नवं कवच आणलंय," तो उत्साहाने म्हणाला.

काकूंनी बटणावरून बोट फिरविले. "ते पाडलं त्या रात्री मी किती बोलले होते त्यांना! एवढं महागाचं यंत्र, आणि हे गिरमिट घेऊन बसलेले. दिवाळीआधी थानांचा हिशेब त्यावर लावायचा होता ना." मग हलकेच म्हणाल्या, "तुझं आहे ते, तुला वाटेल तसं कर."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आजोबांनी लहानपणी शिकविलेले आठवले : रोजकीर्दीत चूक झाली तरी खाडाखोड करायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद घालायची. खोडलेल्या पानावर कुणाचा विश्वास बसत नाही. मग या यंत्राची पाने आपण का खोडतो आहोत? कारखान्यातून निघाले तसे स्पेक्ट्रम अनेक आहेत. सोलापूरच्या पेढीवर गिरमिटाने छिद्र पाडलेला मात्र हा एकच.

तथापि सर्वच जुने जपावे असेही नाही. या यंत्रातील मूळ स्मृतिचिप्सना तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात. त्यांतला एक बिघडला तरी चिप्स निकामी होऊ शकतात. वाळलेले कपॅसिटर तसेच ठेवणे म्हणजे यंत्राचा घात. ते त्याने बदलले, जुने पाकिटात घालून त्यावर तारीख लिहिली. तारेचा एक कच्चा डाख शेजारच्या जोडास टेकू पाहत होता, तो नीट केला. ठिसूळ झालेला कळफलकाचा पडदा बदलला. तार, वाढीव चिप्स आणि बटण मात्र जागच्या जागी राहिले. नव्या कवचाची पेटी न वापरता कपाटात गेली; पुढे कुणाला वाटलेच, तर तो मार्ग मोकळा आहे. एकदा उतरविलेला काकांच्या हातचा डाख मात्र परत येणार नाही.

शेवटी त्याने एका वहीत काकांनी काय केले, का केले आणि आपण काय बदलले, हे तीन रकान्यांत लिहिले. काकूंना बोलावून यंत्र सुरू केले. पडद्यावर १९८२ सालची ओळ उमटली. काकूंनी विचारले, "ते बटण दाबू का रे?"

"दाबा ना," तो म्हणाला.

पडदा क्षणभर काळा झाला, आणि ओळ पुन्हा उमटली.